वन्संच्या वाफ्यातला बांबू

पडदे शिवणारी भावजय आणि तिची धाकटी नणंद यांची घरं भिंतीला भिंत लावून. मागच्या बागांमध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण. काळा बांबू भावजयीनं हौसेनं आणला तेव्हा रोपवाटिकेतला माळी बजावत होता, "हा जमिनीखालून पळतो, सभोवती जाड प्लास्टिक पुरा." पण हिचे डोळे त्या शाईसारख्या काळ्याभोर कांड्यांवर. प्लास्टिक पुरायचं राहूनच गेलं. आणि पळणं कुठलं, दोन वर्षं बांबू ढिम्म!

"वहिनी, तुमचा पळपुट्या अजून बुटाची नाडीच बांधतोय वाटतं," नणंद कुंपणावरून म्हणायची.

तिसऱ्या वर्षी थंडी सरली आणि एका सकाळी पाहते तर काय, मातीतून कोंबच कोंब! भावजय पडदा मशीनवर तसाच टाकून, गळ्यात टेप अडकवून अनवाणी धावली. सकाळी मापलेला कोंब दुपारच्या जेवणापर्यंत चांगला चार बोटं चढला. आनंदात तिला जेवणही सुचेना.

संध्याकाळी पलीकडून हाक आली, "वहिनी, आधी इकडे या!"

नणंदेच्या गुलाबाच्या वाफ्यात अंगठ्याएवढा जाड कोंब उभा होता. "माफ करा हं वन्सं, आत्ता काढते," म्हणत भावजयीनं खुरपं उचललं.

नणंद दोन्ही हात पसरून आडवी आली. "हात तर लावून बघा! आपल्या पायांनी आलाय तो माझ्याकडे."

"अहो, गुलाबांना जागा उरायची नाही."

"गुलाब कुंडीत जातील. टेप द्या इकडे!"

मापला, तर तो भावजयीच्या सगळ्यात उंच कोंबाहूनही वरचढ. नणंद लहान पोरीसारखी टाळ्या पिटू लागली, आणि भावजयीला हेवा वाटायच्या आधी हसूच फुटलं.

"पण आता आवरायला हवं, नाहीतर हा गल्लीभर फिरेल," ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी तिघं चर खणायला लागली. तिसरा म्हणजे हिचा नवरा, तिचा भाऊ.

"प्लास्टिक कुणाच्या बाजूनं वळवू?" त्यानं घाम पुसत विचारलं.

"दोघींच्याही भोवतीनं!" दोघी एकदमच ओरडल्या.

"म्हणजे कुंपण मोडायचं! एकीकडे बायको, दुसरीकडे बहीण, माझी कंबर गेली कामातून," असं पुटपुटत त्यानं मधल्या फळ्या उचकटल्या.

गुडघाभर चरात उभी राहून भावजय प्लास्टिक ताणत होती, तेवढ्यात नणंद किंचाळली, "अगंबाई, वहिनी, पाय जपून! तुमच्या टाचेमागे आणखी एक कोंब!"