बाजूची सीट

पहिल्याच वळणावर उर्वशीने दाराचं हँडल गच्च धरलं. गाडी जराही झुकली नाही, पण रस्त्यावरचा एकेक खडा सीटमधून थेट तिच्या कमरेत शिरला.

"गाडी बिघडली वाटते, भाऊ," ती म्हणाली. "पावसाळाभर नुसती उभीच होती ना."

अंकुशने वेग कमी केला. गाडी विकत घ्यायला तो गोंदियाहून सकाळच्या बसने भंडाऱ्याला आला होता. चालवून पाहायची तर वळणांवर पाहा, असं उर्वशीनेच सुचवलं, आणि आंबागडच्या डोंगरातला हा रस्ता दाखवायला ती सोबत आली. तिचा नवरा योगेंद्र तिला इकडेच फिरायला आणायचा.

पितळी भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाने ही दोनच सीटची गाडी घेतली, तेव्हा बाजारात सगळे हसले होते. "आम्ही दोघंच तं आहोत," एवढंच योगेंद्र म्हणायचा. गेल्या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती.

"बिघडली नाही, ताई. शॉकअप कडक करून ठेवले आहेत." अंकुशने गिअरजवळचा छोटा पिवळा दिवा दाखवला. "ह्या गाडीले रस्ता समजते. खड्डा आला का शॉकअप आपोआप नरम होतात, वळण आलं का आवळतात. पण हे बटण दाबलं का मग कडकच राहतात. साहेबांनीच दाबलं असन, शेवटच्या वेळी."

त्याने बटण दाबलं. दिवा विझला. पुढच्या वळणावर गाडी किंचित कलली, सावरली. एक खड्डा चाकांखालून निघून गेला, तो तिला नुसता ऐकू आला.

ही गाडी उर्वशीच्या ओळखीची होती.

मणक्याच्या ऑपरेशननंतर तिला स्कूटरवरही बसवत नव्हतं. या गाडीत मात्र ती डुलकी काढायची. निघताना योगेंद्र पट्टा लावायचा, आरसा नीट करायचा आणि अंगठ्याने तिथे, गिअरजवळ काहीतरी दाबायचा, की दिवा विझायचा. गाडी सुरू करायची ती रीतच असेल, असं तिला वाटत आलं होतं.

रविवारी पहाटे मात्र तो एकटाच जायचा. ती जागी असायची, पण डोळे मिटून पडून राहायची. फाटक उघडल्याचा आवाज, मग इंजिनाचा, मग काहीच नाही. परत यायचा तो भुकेला होऊन, शीळ घालत, दुसरा कप चहा मागत. आपल्याशिवाय याला बरं वाटतं, एवढंच तिला त्यातून कळायचं. तिने कधी विचारलं नाही, त्यानेही कधी सांगितलं नाही.

"कडक केलं का काय होते?" तिने विचारलं.

"वळणावर गाडी लोळत नाही. रस्ता कसा आहे ते स्टेअरिंगमधून हाताले कळते. चालवणाऱ्याले लई मजा येते." अंकुश थोडा थांबला. "बाजूच्याले नुसते धक्के."

"तुमच्या मिसेसले चालन का मग?"

"मी एकटाच असतो, ताई."

उर्वशी बाहेर पाहत राहिली. सागाची मोठाली पानं रस्त्याच्या कडेला धुळीत पडली होती. माकडांचा एक कळप गाडी पाहून शांतपणे बाजूला झाला.

"परत दाबा ते बटण," ती म्हणाली.

"तुमाले त्रास होऊन राहिला होता."

"दाबा जी."

पिवळा दिवा लागला. चढावर अंकुशने वेग घेतला. कमरेत कळ उठली आणि पायापर्यंत गेली. उर्वशीने ओठ आवळले. मग डावीकडे वळण आलं, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे. गाडी रस्त्याला बांधल्यासारखी वळत होती. डांबर कुठे उखडलंय, कुठे नवं आहे, कुठे वाळू सांडली आहे, सगळं तिला अंगात कळत होतं. एवढी वर्षं ती याच रस्त्यावरून जात होती. झाडं मागे पळाली, पुढे एकदम आभाळ मोकळं झालं, पोटात काहीतरी हलकं होऊन वर आलं आणि ती हसली. मोठ्याने, लहान मुलीसारखी.

हसतच ती उजवीकडे वळली.

स्टेअरिंगवर अंकुश होता. तो गोंधळून तिच्याकडे पाहत होता.

"काय झालं, ताई? हळू घेऊ का?"

तिने मान हलवली आणि पदराने चेहरा पुसला. चढ संपला, तसा अंकुशने एका मोकळ्या जागेत गाडी वळवून उभी केली.

"मले पसंत आहे गाडी," तो म्हणाला. "आता उतारानं आरामात जाऊ."

"गाडी तुमचीच," उर्वशी म्हणाली. "पण आरामात नको. ते एकटे असताना जशी चालवत असतीन, तशी चालवा."

अंकुशने हात स्टेअरिंगवर ठेवले. मग खाली पाहत म्हणाला, "मी साहेबांले कधी चालवताना पाहिलं नाही, ताई."

"मीपण नाही," उर्वशी म्हणाली.