खरी फुंकर

माझी नात सहावीत आहे. घरात सगळे तिला मिरची म्हणतात आणि ती माझ्यावर गेलीय, असं तिची आत्या, म्हणजे माझी लेक, म्हणते. म्हणू दे! माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला ठाऊक आहे.

मिरचीला शेंगदाणा चालत नाही. लहान असताना तिने एक दाणा खाल्ला, ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तेव्हापासून आमच्या घरात दाणा आला नाही. शाळेत डबा खायला तिला वेगळा बाक. "मला सगळ्यांच्यात बसायचंय," एवढंच तिचं म्हणणं.

मग हॉस्पिटलात अशा मुलांवर संशोधन सुरू झालं, तिथे तिचं नाव घातलं. खराब हवेचा मुलांच्या छातीवर आणि अ‍ॅलर्जीवर काय परिणाम होतो, हे तिथल्या डॉक्टरबाई शोधत होत्या. प्रत्येक मुलाला त्यांनी फुंकरीचा जोर मोजणारी, काटा असलेली एक नळी दिली होती. रोज सकाळी जोरात फुंकायचं, काटा किती सरकला ते कळवायचं. ही सगळी कार्टी भारी बिलंदर! थुंकल्यासारखी जीभ मारली की काटा उगाच टुणकन वर उडतो, हे त्यांनी केव्हाच शोधून काढलं होतं.

मिरचीच्या रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या. अ‍ॅलर्जी गेली असावी, पण खात्रीसाठी डॉक्टरांसमोर दाणा खाऊन बघायचा होता. दिवस ठरला आणि नेमका आदल्या दिवशी गावाबाहेरचा कचऱ्याचा ढीग पेटला. सकाळी खिडक्या लावूनही घसा खवखवत होता. मी धुराला, कचऱ्याला आणि समोर येईल त्याला शिव्या घालत, मिरची आणि आत्याला घेऊन हॉस्पिटल गाठलं.

दाणा देण्याआधी फुंकर बघतात; काटा हिरव्या रेघेवर गेला तरच दाणा. मिरचीने फुंकलं. काटा हिरव्या रेघेच्या खालीच अडकला. पुन्हा फुंकलं, तेच.

"थोडं थांब, मग शेवटचं एकदा," म्हणत डॉक्टरबाई फोन घ्यायला दाराशी गेल्या. तेवढ्यात आत्या मिरचीच्या कानाला लागली. "अगं, मार की तुझी ती युक्ती! इतकी वाट बघितलीस, सगळं पाण्यात घालवणार का?"

मिरची नळीकडे बघत राहिली. एरवी मी आत्यावर खेकसलो असतो, पण तेव्हा खिडकीबाहेर बघू लागलो. मलाही तिला त्या बाकावरून उठवायचंच होतं हो!

डॉक्टरबाई परत आल्या. मिरचीने सरळ, मनापासून फुंकलं. काटा तिथेच.

"डॉक्टर, आज माझी छाती भरलीय. आज नको," ती म्हणाली आणि भोकाड पसरलं.

डॉक्टरबाईंनी आत्याकडे एकदा बघितलं. दारापर्यंत त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "काटा उडवता येतो ना तुला? मग का नाही उडवलास?"

"तुम्हाला खोटंच कळलं असतं ना," मिरची हुंदके देत म्हणाली. "मग बाकीच्या मुलांचं पण चुकलं असतं."

डॉक्टरबाईंनी तिचे डोळे पुसले आणि आमच्याकडे वळल्या. "अशा छातीने दाणा खाल्ला असता आणि बाधला असता, तर जिवावर बेतलं असतं. आणि आम्हाला खरी फुंकरच लागते. तिच्यावरच आमचं सगळं काम उभं आहे."

आत्या खाली मान घालून बसली. नातीची छाती भरलेली आणि माझी मात्र अभिमानाने फुगलेली! वॉर्डातल्या दिसेल त्या माणसाला मी सांगत सुटलो, ही माझी नात.

हवा निवळल्यावर पुन्हा गेलो. काटा रेघ ओलांडून गेला. आधी चिमूटभर दाण्याचं कूट, मग थोडं जास्त, मग आणखी. मी देव पाण्यात घालून बसलो होतो. काही म्हणजे काही झालं नाही! दुसऱ्या दिवशी शाळेत मिरची सगळ्यांच्या मधोमध बसून जेवली.

संध्याकाळी ती माझ्यासमोर मूठ उघडून उभी राहिली. मुठीत भाजलेले दाणे.

"आ करा, आजोबा. आत्या म्हणाली, तुम्ही रोज खायचात, माझ्यामुळे सोडलेत."

"छे! मला कधी आवडलेच नाहीत."

"आजोबा," ती डोळे वटारून म्हणाली, "खरी फुंकर मारा."

मी गुपचूप आ केला.