हजेरीची खुर्ची

मित्रांनो, मी चाकांची एक जुनी खुर्ची आहे. माझं एक चाक तुटलं आहे आणि त्या जागी लाकडाचा ठोकळा लावला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, राजुऱ्याच्या पुढच्या एका गावात लटारूभाऊंच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, मी असते. खुर्चीला बोलता येत नाही. आलं असतं, तर एका बाईचा डोळा वाचला असता असं मला रोज वाटतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. एकाने पाठीला जाळी ताणून बसवली, दुसऱ्याने बुडाखाली नळी बसवली, तिसऱ्याने चाकं फिरवून पाहिली आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते हैदराबादेत, पियुषच्या खोलीत. पियुष हा लटारूभाऊंचा मुलगा. एका फार मोठ्या संगणक कंपनीत तो नोकरीला होता. कंपनीने घरून काम करणाऱ्यांना खुर्च्या दिल्या, त्यातली मी एक.

ते दिवस चांगले होते. पियुष माझ्यावर बसून दिवसभर काम करायचा. साहेबांनी कौतुक केलं की दोन्ही पाय उचलून माझ्यासकट एक गिरकी घ्यायचा. संध्याकाळी गावाहून आईचा फोन यायचा.

"पाठ दुखत नाई ना रे?" आशाबाई विचारायच्या.

"नाई आई, खुर्ची एकदम मस्त आहे."

"मंग त्या खुर्चीचं भलं होवो बापा."

त्या बाईंना मी पाहिलं नव्हतं आणि त्यांनी मला पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी माझं भलं चिंतलं होतं. ही गोष्ट मला पुढे फार टोचली.

एका सकाळी पियुषचा लॅपटॉप उघडलाच नाही. थोड्या वेळाने फोनवर मेल आला. कंपनीने हजारो लोकांना एकदम काढून टाकलं होतं आणि त्यांत पियुष होता. मग कुरिअरवाला येऊन लॅपटॉप आणि गळ्यातलं कार्ड घेऊन गेला. मला न्यायला कोणी आलं नाही. पियुष पुढचे कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून माझ्यावर बसून राहिला. शेवटी खोली सोडली, मला पोत्यात गुंडाळलं आणि बल्लारपूरच्या गाडीत चढवलं.

घरी पोचल्यावर त्याने सांगायचं टाळलं नाही, हे मी सांगितलं पाहिजे. हातपाय धुतले आणि सपरीत उभ्या उभ्याच म्हणाला, "बाबा, मले कंपनीनं लेऑफ केलं."

लटारूभाऊ हसले. "हात्तिच्या! एवढंच ना? अरे, मले किती डाव झाला ले-ऑफ! तोंड काऊन पाडून राह्यला?"

लटारूभाऊंची सगळी नोकरी लाकडाच्या कारखान्यात गेली होती. जंगलातून लाकूड आलं नाही की कारखाना कामगारांना ले-ऑफ द्यायचा. अर्धा पगार मिळायचा. रोज सकाळी गेटावर जाऊन हजेरी लावायची आणि घरी यायचं. लाकूड आलं की भोंगा वाजायचा आणि सगळे पुन्हा आत. कोणाची नोकरी जायची नाही. नाव कापलं जायचं ते फक्त हजेरी चुकवणाऱ्याचं.

"मालक बोलावतेच परत," लटारूभाऊ म्हणाले. "फक्त हजेरी चुकू देऊ नको. आमचा इतवारी मोहफुलं वेचाले गेला अन् त्याच दिवशी त्याचं नाव कटलं. हजेरी कुठी लावाची असते तुमची?"

पियुषने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. पण आशाबाई दारात उभ्या होत्या. मुलाच्या कंपनीचं नाव त्यांना नीट घेता येत नव्हतं, तरी त्या ते सगळ्यांना सांगायच्या.

"इथूनच," पियुष म्हणाला. "कम्प्युटरवरून. दिवसभर."

बस, एवढंच तो बोलला. खोटं तर तेवढंच होतं. पण त्या दिवसापासून ते रोज माझ्यावर येऊन बसू लागलं.

समोरच्या खोलीत, खिडकीजवळ, जिथे फोनला रेंज येते तिथे मला ठेवलं. सकाळी लटारूभाऊ स्वतः मला पुसायचे. "बस बेटा, हजेरी लाव," म्हणायचे आणि दार ओढून घ्यायचे. पियुष स्वतःचा जुना लॅपटॉप उघडायचा. दुसऱ्या कंपन्यांना अर्ज करायचा. कधी मुलाखत व्हायची, मग काही कळायचं नाही. अर्ज संपले की नुसता बसायचा. मी त्याच्या वजनावरून ओळखायचे, काम करणारा माणूस कसा बसतो आणि लपणारा कसा बसतो.

बाहेर आशाबाई कोंबड्यांना हाकलायच्या. टीव्ही लावायच्या नाहीत. कुकरची शिटी होऊ नये म्हणून भात पातेल्यात शिजवायच्या. शेजारच्या ठमाबाई मोठ्याने बोलू लागल्या की त्यांना गप्प करायच्या.

"हळू बोल व बाई. पोरगा हजेरीवर आहे."

"अव, खुर्चीले चाकं आहेत, पण तुहा पोरगा काई जागचा हालत नाई!" ठमाबाई म्हणायच्या. मग दोघी हसायच्या. आत पियुष मान खाली घालायचा.

पावसाळा संपला तशी आशाबाईंची तक्रार सुरू झाली. डोकं दुखतं, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, डाव्या बाजूचं नीट दिसत नाही. लटारूभाऊ म्हणाले, "उन्हाचं असंन. पाणी मार डोळ्यावर." नवरे असंच म्हणतात. बायकोचं दुखणं उद्यावर ढकलता येतं असं त्यांना वाटतं, आणि बायकाही ढकलू देतात.

मग एका दुपारी दाराबाहेर बोलणं झालं.

"पियुषले म्हण ना, चंद्रपूरले दाखवून आणंन," लटारूभाऊ म्हणाले.

"नको. त्याची हजेरी चुकंन. एकदा कामावर बोलावलं का मंग सुट्टी घेऊन जाऊ. काई मरून नाई राह्यली मी."

दार नुसतं ओढलेलं होतं. मला शब्द न् शब्द ऐकू आला आणि पियुषलाही आला. तो उठण्यासाठी पुढे सरकला. माझी चाकं थोडी हलली. पण उठून 'चल आई, मले काम नाई' म्हणायचं, म्हणजे सगळंच सांगायचं. तो परत मागे टेकला. मित्रांनो, त्या वेळी माझं एखादं चाक निसटलं असतं आणि तो आपटला असता तरी बरं झालं असतं. पण मी चांगली मजबूत होते. मी त्याला नीट धरून ठेवलं.

थंडी आली. एका सकाळी आशाबाई चहा घेऊन आल्या आणि कप टेबलावर ठेवायला गेल्या. टेबल डावीकडे होतं. त्यांनी कप हवेत सोडला. गरम चहा माझ्या हातावर आणि पियुषच्या मांडीवर सांडला.

"आई, दिसत नाई का तुले?" तो ओरडला.

"नाई रे," आशाबाई हळूच म्हणाल्या. "त्या बाजूनं नाईच दिसत."

पियुष तसाच उठला. ओल्या पँटवर आईला घेऊन बस पकडली. मी घरीच होते, म्हणून चंद्रपूरला काय झालं ते मी पाहिलं नाही. घरी जे झालं ते मात्र पाहिलं. ते दोघं गेले आणि लटारूभाऊ आत आले. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, केस विंचरले होते. ते भीत भीत माझ्यावर बसले. लॅपटॉप बंद होता. त्याच्यासमोर दोन्ही हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून ते दिवसभर बसले. पाणी प्यायलाही उठले नाहीत.

दिवस मावळताना दोघं परत आले. पियुषने वडिलांना माझ्यावर बसलेलं पाहिलं.

"बाबा, इथी काऊन बसले?"

"तुही हजेरी चुकत होती ना. म्हटलं, कोणी आवाज देला तर सांगू, पोरगा आईले दवाखान्यात घेऊन गेला, येतेच आता. काय म्हणे डॉक्टर?"

पियुष खाली बसला, जमिनीवर. "काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर गेली बाबा. ती आता परत नाई येत. उजवा वाचते, पण रोज थेंब टाका लागंन. डॉक्टर म्हणे, आधी आणलं असतं तर..."

"हजेरीच्या पायी राह्यलं," लटारूभाऊ पुटपुटले.

"हजेरी नव्हतीच बाबा. आमच्या लेऑफमधे परत बोलावत नाईत. काढून टाकतेत. मले माहीत होतं. तुम्ही समजले ते मी तसंच राहू देलं."

लटारूभाऊंना हे पोचायला वेळ लागला. मग ते चिडून म्हणाले, "मंग काढून टाकलं म्हणाव ना त्याइनं! ले-ऑफ काऊन म्हणतेत?" आणि माझ्यावरून उठले. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मला वाटलं, आता कुऱ्हाड आणतील.

आशाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. रागाने नाही, पण माफ केल्यासारखंही नाही, त्या मुलाला म्हणाल्या, "मी कोंबड्याइले पण ओरडू नाई देलं रे."

पियुष रडला. त्याला कोणी गप्प केलं नाही.

आता तो राजुऱ्याला जाऊन मुलांना संगणक शिकवतो. मिळकत पूर्वीसारखी नाही. लटारूभाऊ बरेच दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, आता कामापुरतं बोलतात. मला सपरीत आणलं, कारण माझी पाठ मागे कलते. आशाबाई माझ्यावर टेकतात आणि पियुष त्यांच्या उजव्या डोळ्यात थेंब टाकतो, सकाळी आणि संध्याकाळी. "दुखते का आई?" तो विचारतो. "काई नाई," त्या म्हणतात. तो तिथेच उभा राहून पुन्हा विचारतो. मग त्या खरं काय ते सांगतात.

मित्रांनो, खुर्चीची निगा राखा, चाकांत अडकलेली घाण काढत जा, एवढं सांगून मला थांबता आलं असतं. पण माझी विनंती वेगळी आहे. घरात कोणी 'काही नाही' म्हणालं तर तिथून हलू नका, पुन्हा विचारा. आणि तुमचं स्वतःचं दुखत असेल, तर दार ओढून कामाला बसलेल्या माणसाला हाक मारा. त्याचं काम बुडालं तर बुडू द्या. आमच्या घरी कोणी हाक मारली नाही, आणि जो बसला होता तो ऐकूनही उठला नाही.