दोन बोटं जास्त उंच

मी एक जुनी मोटारहोम आहे. म्हणजे पुढे मोटार आणि मागे घर. मला सहा चाकं आहेत, दोन शेगड्या आहेत आणि एक न्हाणीघर आहे. त्यात उभं राहिलं तर वळता येत नाही आणि वळलं तर साबण सापडत नाही. माझ्या अंगावर तपकिरी पट्टे आहेत. एके काळी त्यांची फार चलती होती. मित्रांनो, गाडीला वय विचारू नये, पट्टे बघून समजून घ्यावं.

माझा जन्म अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. तिथे कोणी पत्रा ठोकत होतं, कोणी पडदे शिवत होतं, आणि दुपारच्या सुट्टीची घाई असलेल्या कोणीतरी माझ्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड बसवला. तो अजून तसाच आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवतात. हे टेबल लक्षात ठेवा, पुढे माझी सगळी परवड ह्याच्यावरच झाली.

मला विकत घेतलं ते वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावच्या ऑर्व्हिल स्टेनबर्गने. त्याच्या सफरचंदाच्या बागा होत्या. तोडणी आटोपली की तो आणि त्याची बायको व्हर्ना मला घेऊन बाहेर पडत. सकाळी कॉफी पिताना ऑर्व्हिल म्हणायचा, "चल गं," आणि दुपारी आम्ही डोंगरापलीकडे. चिखल, बर्फ, मासळीचा वास, ओलं कुत्रं, मी सगळं पोटात घातलं. एकदा एका अस्वलाने माझं दार खरवडलं. ऑर्व्हिल ते ओरखडे आल्यागेल्याला दाखवायचा आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "म्हातारी पक्की आहे, दार उघडलं नाही तिने." तेव्हा मी म्हातारी नव्हते, पण मला ते आवडायचं.

मग ऑर्व्हिल गेला. व्हर्नाआजी याकिमातच आपल्या मुलाकडे, गॉर्डनकडे राहायला आली आणि तिच्या कपाटासोबत मीही आले.

गॉर्डन वाईट नाही. फार चांगला माणूस आहे, आणि खरी अडचण तीच आहे. तो सफरचंदांच्या शीतगोदामात साहेब आहे. सप्टेंबरात तोडलेलं फळ पुढच्या जूनमध्ये बाहेर काढून तो लोकांना खायला देतो, आणि ते कडकन मोडतं. त्यामुळे त्याची पक्की समजूत झाली आहे की नीट जपून ठेवलं तर जगात काहीही कधीही बाहेर काढता येतं.

आता व्हर्नाआजीचं ऐका. तिची धाकटी बहीण आल्मा कॅलिफोर्नियात मोरो बे नावाच्या गावी समुद्रकाठी एकटी राहते. पूर्वी आल्मा स्वतः गाडी हाकत याकिमाला यायची. मग तिची नजर अधू झाली आणि गाडी सुटली. आजी विमानात बसत नाही. एकदाच बसली होती. "तेवढा वेळ मी जिवंत नव्हतेच," असं ती त्याबद्दल सांगते. तेव्हा दोघी बहिणी दर रविवारी फोनवर भेटतात, म्हणजे भांडतात. विषय एकच. त्यांची आई शिंपल्यांच्या सुपात बेकन घालायची की नाही. आजी म्हणते घालायची. आल्मा म्हणते, "आपल्या घरात बेकन आणायला पैसे कुणाकडे होते?" मग दोघी फोन आपटतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा लावतात.

"गॉर्डन, मला एकदा आल्माकडे सोड," आजी म्हणाली.

"नुसतं सोडायचं कशाला आई? आपण सगळेच जाऊ. अख्खा किनारा करू, वरपासून खालपर्यंत. झकास बेत आखतो," गॉर्डन म्हणाला.

आणि त्याने माझ्या त्या लंगड्या टेबलावर नकाशा पसरला.

मित्रांनो, तो नकाशा तिथून कित्येक हिवाळे उठला नाही. गॉर्डन रोज जेवण झाल्यावर माझ्यात येऊन बसायचा, रंगीत पेन्सिली घेऊन. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं हे त्याने पहिल्याच आठवड्यात ठरवलं, म्हणजे समुद्र सतत माझ्या दाराच्या बाजूला राहील. ही गोष्ट मलाही पटली. पुढे मात्र बेत वाढतच गेला. दीपगृहं आली, चीजचा कारखाना आला, मोठाली झाडं आली. त्याची बायको पॉला आधी कौतुकाने कोको घेऊन यायची. मग नुसता कोको पाठवायला लागली. मग तोही बंद झाला. मुलगी ब्रिटा लहान होती तेव्हा नकाशावर समुद्रातले सील प्राणी काढायची. आता ती चौदा वर्षांची आहे आणि म्हणते, "बाबा, तुम्ही किनारा बघायला निघालाय की बांधायला?"

दर उन्हाळ्यात काही ना काही निघायचं. एकदा फ्रिज, एकदा गाद्या, एकदा जंगलातल्या वणव्यांचा धूर. एकदा खाली कुठेतरी डोंगर खचून रस्ताच बंद झाला. गॉर्डन प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, "पुढच्या उन्हाळ्यात नीट जाऊ." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण माझी निगा अशी राखली की विचारू नका. मला वर्षातून दोनदा मेण लावलं. ऊन लागू नये म्हणून घराशेजारी माझ्यासाठी लाकडी छप्पर बांधलं, वर उंच उतरतं, दोन बाजूंनी फळ्या आणि तोंडाशी एक आडवी तुळई. तिच्याखालून मी आत शिरले तेव्हा माझ्या डोक्यावर वीतभर जागा होती. गॉर्डनने ती तीनदा मोजली. शेजारच्या रोहेलिओ बराहासने कुंपणावरून विचारलं, "हात लावू का?" त्यावर गॉर्डन म्हणाला, "नको नको, होतंय." त्या गल्लीत लोक एकमेकांना फार मान देतात. म्हणजे हात हलवतात आणि शिडीसुद्धा मागत नाहीत.

मी आत उभी राहिले. चाकांना कोळ्यांनी जाळी विणली. अस्वलाचे ओरखडे गॉर्डनने रंगवून बुजवले, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

या वर्षी वसंतात आजीने विषय काढला. बाकीचे जेवत होते, माझी खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं.

"ऑगस्टमध्ये आल्मा ऐंशीची होतेय. मी पंचाऐंशीची आहे. गॉर्डन, सफरचंद ठेवलं तर टिकतं. बहीण नाही टिकत."

दुसऱ्या दिवशी गॉर्डनने तारीख पक्की केली. मला रडू आलं असतं, पण माझी पाण्याची टाकी रिकामी होती.

आता आईला उकडू नये म्हणून या चांगल्या माणसाने काय करावं? त्याने एक वातानुकूलन यंत्र आणलं आणि छपराखालीच माझ्या टपावर चढून, पोटावर पडून, एकट्याने बसवलं. भोवती असा काही चिकट लेप भरला की पाण्याचा थेंब आत येणार नाही. यंत्राची उंची किती? एक वीत आणि दोन बोटं. तुम्हाला हिशेब कळला ना? गॉर्डनला कळला नाही. त्याने यंत्राची थंडी मोजली होती, उंची नाही.

निघायच्या दिवशी गल्लीतली मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन समोरच्या हिरवळीवर येऊन बसली. इतक्या वर्षांचा बेत, तो खरा होताना बघायला कोण येणार नाही? मिसेस लुंडग्रेननी डोनटचं मोठं खोकं आणलं. आजी पर्स मांडीवर घेऊन, पट्टा बांधून केव्हाची बसली होती. गॉर्डनने चावी फिरवली. मी एका दमात सुरू झाले, हे मला अभिमानाने सांगायचं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हातभर पुढे सरकले आणि वर खाडकन आवाज झाला.

गॉर्डन उतरला. तुळई बघितली, यंत्र बघितलं, पुन्हा तुळई बघितली.

"थोडा बदल आहे," तो म्हणाला.

रोहेलिओ न विचारता शिडी घेऊन आला. तुळई कापावी तर छप्पर डोक्यावर. यंत्र काढावं तर तो लेप खरवडायलाच दोन दिवस, आणि यंत्र गेल्यावर टपाला भोक. रोहेलिओ म्हणाला, "चाकांतली हवा सोडू. माझ्याकडे पंप आहे, बाहेर आली की भरू." हवा सोडली. एक बोट मिळालं. एक बोट राहिलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, त्यातला प्रकार. आणखी सोडली असती तर टायर फाटले असते.

गॉर्डन माझ्या दाराशी आला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "आई, उतर. पुढच्या उन्हाळ्यात आपण नीट…"

"मी उतरणार नाही," आजी म्हणाली. "पुढचा उन्हाळा तुझा असेल. माझा असेलच असं नाही. आल्माने पलंगावर नवी चादर घातलीय. मला कालच सांगितलं तिने."

तिला समजवायला पॉला वर चढली. तिच्यामागे ब्रिटा चढली. तेवढ्यात शिडीवरून रोहेलिओ ओरडला, "थांबा, कोणी हलू नका. गाडी बसली."

"माझ्यामुळे?" पॉलाने करड्या आवाजात विचारलं.

"तुमच्यामुळे नाही हो, सगळ्यांमुळे," रोहेलिओ घाईने म्हणाला.

आजीने पर्सवर हात आपटला. "अरे, सफरचंदाच्या पेट्या भरल्या की तुझ्या बापाचा ट्रक बसायचा तशी. भर गॉर्डन, गाडी भर. माणसं समोर बसलीयत."

आणि इथे खरं घोडं अडलं. ज्याने शेजाऱ्याची शिडी मागितली नाही, त्याने आता शेजाऱ्यांचं वजन मागायचं. त्या गावात माणसाला पगार विचारता येतो एक वेळ, वजन नाही. गॉर्डन हिरवळीवर जाऊन उभा राहिला. कान लाल. "मंडळी, मला जरा… म्हणजे तुमची थोडी… गाडीत…"

"हा सांगणार नाही," आजी खिडकीतून म्हणाली. "ज्यांनी दोन-दोन डोनट खाल्लेत त्यांनी आधी चढा."

कोणीही हललं नाही. सगळे एकमेकांच्या पोटाकडे बघायला लागले. शेवटी मिसेस लुंडग्रेन उठल्या, स्कर्ट झटकला आणि म्हणाल्या, "मी येते. वजनासाठी नाही हं. व्हर्नाला सोबत म्हणून."

मग सगळ्यांनाच सोबत करायची आठवण झाली. शाळेचे फुटबॉलचे प्रशिक्षक सोबतीला आले, तेव्हा माझ्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्या कण्हल्या. रोहेलिओची सासू चार नातवंडं आणि मक्याच्या वाफवलेल्या तमालेंचं पातेलं घेऊन सोबतीला आली. न्हाणीघरात तिघे उभे राहिले. त्या लंगड्या टेबलावर, थेट नकाशाच्या समुद्रावर, पाद्री बसले. इतकी माणसं माझ्या पोटात ऑर्व्हिल असतानाही कधी नव्हती. माझा ऊर भरून आला आणि मी खाली बसत गेले.

"तुळई आणि यंत्राच्या मधून कागद सरकतोय," रोहेलिओ वरून म्हणाला. "सगळ्यांनी श्वास आत घ्या."

त्याचा काही उपयोग नसतो, पण सगळ्यांनी घेतला. गॉर्डनने मला मुंगीच्या पावलांनी पुढे काढलं. तुळई यंत्रावरून अशी गेली की मध्ये पोस्टाचं तिकीट मावलं नसतं. मग ऊन माझ्या काचेवर पडलं. गाडीत एकच गलका झाला आणि उतरायला कोणी तयार होईना. गॉर्डनने सगळ्यांना कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून आणली, पंपाने हवा भरली आणि रोहेलिओचा हात बराच वेळ हातात धरला. "शिडी कधीही माग," रोहेलिओ म्हणाला.

प्रवासाचं काय सांगू? पाद्री बसल्यामुळे नकाशा चुरगळला होता, आणि ते फार बरं झालं. पहिल्याच मुक्कामी गाडी लावायच्या जागेपेक्षा मी लांब निघाले, तेव्हा गॉर्डनने खांदे उडवले आणि आम्ही पुढे गेलो. चीजचा कारखाना चुकला. दीपगृह धुक्यात गेलं. समुद्र मात्र कबूल केल्याप्रमाणे माझ्या दाराशी चालत राहिला, आणि आजी दिवसभर त्याच्याकडे बघत आल्माला काय काय सुनवायचं त्याची उजळणी करत होती.

मोरो बेच्या त्या अरुंद रस्त्यात शिरताना तिने स्वतः वाकून माझा भोंगा दाबला आणि सोडलाच नाही. फाटकाशी एक बारकी म्हातारी उभी होती. तिला मी नीट दिसत नव्हते.

"एवढा आवाज आमच्याच घराण्यात करतात," ती म्हणाली. "उशीर केलास. बस. सूप केलंय. बेकन घातलंय."

आजीची सगळी उजळणी फुकट गेली. दोघी माझ्या पायरीवर वाट्या घेऊन बसल्या. आजीने दोन घोट घेतले, डोळे पुसले आणि म्हणाली, "आल्मा, आई घालत नव्हती गं."

"माहितेय मला," आल्मा म्हणाली.

निघायच्या दिवशी आजी माझ्या दारात उभी राहिली आणि खाली उतरेना, वर चढेना. मग बहिणीला म्हणाली, "तूही चल. आम्हाला परत छपराखाली शिरायला वजन लागणार आहे." आल्मा आत गेली आणि बॅग घेऊन आली. बॅग आधीच भरलेली होती.

याकिमाला गल्ली खुर्च्या टाकून तयारच होती, या वेळी कोणी डोनट मोजले नाहीत. पण गॉर्डनने मला तुळईसमोर क्षणभर थांबवलं, आणि बाहेरच उभी केली. छपराखाली आता रविवारी गल्ली जेवायला जमते. दोघी बहिणी तिथे समोरासमोर बसून भांडतात, फोनचा खर्च वाचला. मी उघड्यावर असते. ऊन लागतं, पाऊस लागतो, पट्टे उडायला लागलेत. गॉर्डनने बुजवलेल्या रंगाचे पोपडे निघाले आणि खालून अस्वलाचे ओरखडे पुन्हा दिसायला लागले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा. मी सांगते, जरा कमी जपा. आम्हाला बाहेर काढा, आमच्यात चिखलाचे पाय घेऊन या. आणि ज्यांना भेटायचं आहे त्यांना याच उन्हाळ्यात भेटून या. निघताना कुठे अडकलात तर लाजू नका, शेजाऱ्यांना हाक मारा. वजनाला कोणी येत नाही, पण सोबतीला सगळे येतात.