वाट दोनपर्यंतच

मी एक जुनी पळती ओळ आहे. डेन्मार्कच्या एका छोट्या बेटावर आस्गर यांची खानावळ आहे. तिच्या वेबसाइटच्या माथ्यावर मी उजवीकडून येई आणि डावीकडे नाहीशी होई. बेटाला पूल नाही. ओहोटीला चिखलातून गाडीवाट उघडी पडते, भरतीला ती बुडते. वाट कधीपर्यंत खुली, हे सांगणे माझे काम.

मला घडवणाऱ्या थीराने तेव्हाच कपाळावर हात मारला होता. "आस्गरकाका, पळतं अक्षर कुणी वाचत नाही हो. वेळ एका जागी उभी राहू दे."

"उभी? मेल्यासारखी दिसेल! पळू दे तिला. आणि मध्ये आपल्या तळलेल्या मासळीचंही घाल."

साइट त्यांची, हट्टही त्यांचाच. मी पळू लागले. मुले पडद्यावर बोट लावून माझा पाठलाग करत. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मी फुशारून गेले होते.

गेल्या ऑक्टोबरात बेटावरच्या इंगरला ऐंशी वर्षे पूर्ण झाली. इथल्या रीतीप्रमाणे सकाळीच तिने अंगणात वाढदिवसाचा झेंडा चढवला. तिचा धाकटा भाऊ एबे पलीकडच्या किनाऱ्यावर राहत असे. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात त्या दिवशी वाट चारपर्यंत खुली होती. पण पश्चिमेचा वारा सुटला की पाणी लवकर चढते, आणि तो सुटला होता, म्हणून आस्गर यांनी माझ्यात दोन लिहिले होते.

खात्री करायला एबेने मला उघडले. त्याची नजर अधू. 'आज वाट खुली आहे' एवढे त्याने सावकाश वाचले. मग मासळीची जाहिरात आली. तेवढ्यावरच त्याने बहिणीला फोन लावला.

"ताई, वाट खुली आहे गं! जेवण झालं की केक घेऊन निघतोच."

'फक्त दोन वाजेपर्यंत' हे माझे शब्द अजून यायचे होते. त्याने पान मिटले. मला ओरडता येत नाही.

तो अडीचला निघाला. पुढच्या ओहोटीला गाडी सापडली, आत तो होता. इंगरचा झेंडा शेजाऱ्यांनी अर्ध्यावर आणला.

आस्गर थीराकडे गेले. "थांबव तिला. मासळी काढ," एवढेच म्हणाले आणि रडू लागले. थीराने तिथल्या तिथे दोन्ही केले.

आता मी हलत नाही. मित्रांनो, ज्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे ते आधी सांगा, आणि समोरच्याचे वाचून होईपर्यंत थांबा. मी थांबले नाही. इंगर रोज सकाळी मला उघडते, शेवटच्या शब्दापर्यंत वाचते, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागते.