गोठलेल्या सरोवराचा पट

माझ्या अंगावर चाळीस भोके आहेत. एकोणचाळीस वाटाण्याएवढी, नेमकी गोल; चाळिसावे किंचित लंबगोल, कारण ते पाडताना रूनाला शिंक आली. मित्रांनो, मी मेपलच्या लाकडाचा एक जुना पट आहे. गोठलेल्या सरोवराला भोके पाडून मासे पकडण्याचा खेळ माझ्यावर खेळतात.

रूना थोरकेल्सनने मला सरोवराकाठच्या गिमली गावात, आपल्या शेडमध्ये घडवले. नियम लिहिताना ती एकच गोष्ट विसरली: बर्फातले भोक पुन्हा गोठते. जन्मभर सरोवरात जाळी टाकणारे शेजारी, ब्यार्कीकाका, पहिल्याच डावात हसत सुटले. "अगं, सरोवराकाठची ना तू? जरा पाठ फिरवली की भोक बुजतं!" त्यांनी तो नियम माझ्या कडेला लिहिला. तेव्हापासून रीतच पडली. जो खेळे, तो एखादा नियम लिहून जाई. सांडलेली कॉफी, आलुबुखाराच्या केकचा चुरा, मी सारे आनंदाने अंगावर घेतले.

मग खेळ विकणाऱ्या एका कंपनीचे पत्र आले. त्यांना खेळाचे सर्व हक्क विकत हवे होते. पुढे कोणी नक्कल करायची नाही, नियमांत भर घालायची नाही. रूना बेकरीत राबत होती. खेळ घडवून पोट भरावे, एवढीच तिची इच्छा. हो म्हणावे की नाही? अख्खा हिवाळा तिने उत्तर टाळले, आणि मी फळीवर धूळ खात राहिलो.

मार्चमध्ये उत्तरेकडच्या शाळेतली शिक्षिका डेल्फीन आली. तिच्या हातात पुठ्ठ्यावर केलेली माझी नक्कल होती.

"रागावू नका हं, मुलांनी तुमचा खेळ चोरलाय! पण मासे म्हणून बटणं ठेवलीत, ती घरंगळतात हो. तुम्ही लाकडाचे कोरून द्याल? तीन वर्गांना पुरतील एवढे? आणि आठवडाभर येऊन मुलांना खेळ रचायला शिकवाल? शाळा मानधन देईल."

"घे! चोरच गिऱ्हाईक होऊन आले," तिच्यामागून आत आलेले ब्यार्कीकाका रूनाला म्हणाले. "आणि तू पुढचा नवा खेळ रचावास म्हणून गाव आगाऊ वर्गणी काढायला बसलंय. तुझ्याच होकारावाचून अडलंय सगळं."

मित्रांनो, लाकूड हाताळून झिजते, पण कोरड्या फळीवर पडून तडकते. आम्हाला जपायचे असेल, तर आमच्याशी खेळा.

रूनाने मला खाली काढून पुसले, टेबलावर मांडले आणि मोठ्याने म्हणाली, "खेळ कुणालाच विकत नाही. ज्याला हवा त्याने करावा. मासे मी कोरीन, शिकवायलाही येईन. आणि काका, काढा ती वर्गणी. बेकरी सोडतेय मी!"