हनुवटीची खूण

बाईंनी उजवा तळहात हळूच खाली दाबला आणि मुलांचा आवाज मऊ झाला. मग दोन बोटं ओठांच्या कडांना लावली. पहिल्या रांगेतल्या गंभीर चेहऱ्यांवर हसू उमटलं. सभागृहाला यातलं काहीच दिसत नव्हतं. लोकांसमोर होती ती बाईंची पाठ आणि सैल होत आलेला अंबाडा.

"बाईंचा हात म्हणजे चौकातला पोलीस," पियानोवाले काका तालमीत म्हणायचे. "शिट्टीसुद्धा लागत नाही."

खुणा सगळ्या वर्षभर घोटलेल्या. कानाला हात, म्हणजे शेजारच्याचं ऐका. उघडा तळहात पुढे, म्हणजे आता तू एकटी. आणि बोट हनुवटीला लागलं, म्हणजे सूर सुटलाय. ओठ हलव, आवाज काढू नकोस. ही शेवटची खूण बाईंनी स्वतः शोधलेली. चारचौघांत कुणा लेकराचा पाणउतारा नको, म्हणून. "मी तोंडाने काहीही बोलेन," त्या मुलांना सांगत, "पण स्टेजवर फक्त हाताचं ऐकायचं. हात खोटं बोलत नाही."

दुसरं कडवं संपलं. बाईंनी उघडा तळहात पुढे केला.

रांगेच्या टोकाची मुलगी एक पाऊल पुढे आली. तिला सगळे बटण म्हणत. तिचे डोळे कोटाच्या बटणांसारखे गोल होते आणि एकदा बाईंच्या हातावर शिवले गेले की सुटत नसत. तिच्या ओळींमध्ये एक वरचा सूर होता. तालमीत त्याच्यापाशी येऊन ती दर वेळी अडखळायची. बाई तिला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायच्या, पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायच्या. आज तिचे वडील कामाचे कपडे न बदलता थेट आले होते आणि दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसले होते.

पहिली ओळ सरळ गेली. दुसऱ्या ओळीत तो सूर आला, आणि बटण त्याच्यावर अशी अलगद जाऊन बसली, जशी काही रोजचीच जागा.

गाणं घेता घेता बाई नुसत्या ऐकू लागल्या. डावा हात ताल धरून चालत राहिला. उजवा मात्र, घरी खिडकीपाशी रेडिओ ऐकताना जायचा तसा, आपोआप वर गेला आणि हनुवटीला टेकला.

बटणचा आवाज थांबला.

ओठ हलत राहिले, शब्दाला शब्द. पियानो एकटाच पुढे चालला. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. बाईंना आधी वाटलं, पोर विसरली. मग बोटाखाली स्वतःचीच हनुवटी जाणवली. त्यांनी हात झटकला, तळहात पुढे केला, पुन्हा केला. तोवर ओळ संपली होती आणि बाकीची मुलं ठरल्या जागी गाऊ लागली होती.

शेवटी टाळ्या पडल्या. जरा जास्तच, कीव आली की पडतात तशा.

स्टेजमागच्या खोलीत वडील लेकीचा कोट हातात धरून उभे होते.

"माईक गेला होता का हो, बाई?"

"नाही. माझी चूक झाली."

"छे हो, तुमची कसली? पोरगीच भित्री. आईवर गेलीय." ते हसले, पण लेकीकडे न बघता. "चल, बूट घाल."

बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

"बटण, तू सुरात होतीस. अगदी सुरात. माझा हात चुकून गेला गं."

"हो, बाई."

"खरंच सांगतेय. इतकं छान वाटलं मला, की भानच राहिलं नाही."

मुलीने बुटाची नाडी ओढून गाठ मारली.

"कार्यक्रम झाला की तुम्ही सगळ्यांनाच छान म्हणता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाईंचीच समजूत घालावी तशी बोलत होती. "मागच्या वेळी ढब्ब्यालासुद्धा म्हणालात. तो तर सगळं गाणं नुसते ओठ हलवत होता."

वडील ओशाळले. "अगं, बाईंशी असं बोलतात का?"

"बोलू दे," बाई म्हणाल्या. ढब्ब्याला त्या खरोखरच छान म्हणाल्या होत्या.

पुढच्या तालमीला त्या सगळ्यांच्या आधी आल्या. मुलं रांगेत उभी राहिली तसं म्हणाल्या, "आजपासून हनुवटीची खूण बंद."

"मग बेसूर झालो तर?" ढब्ब्याने विचारलं.

"तर होऊ."

"काका पळून जातील!"

"पळतोय कसला," काका पियानोचं झाकण उघडत म्हणाले, "कानात कापूस घालूनच आलोय."

हशा पिकला. बटण मागच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला तिथे कुणी पाठवलं नव्हतं.

गाणं सुरू झालं. तिचे ओठ सगळ्यांबरोबर उघडत होते, सगळ्यांबरोबर मिटत होते. बाई ताल देत देत रांगांमधून मागे गेल्या, तिच्याशेजारी थांबल्या, कान जवळ नेला. शेजारच्या मुलांचा आवाज तेवढा ऐकू आला.

त्या परत जागेवर आल्या. दुसरं कडवं संपत आलं, तसा त्यांनी उजवा हात उचलला, तळहात उघडला, मागच्या रांगेकडे पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

गोल डोळे त्या हातावर आले. थोडा वेळ तिथेच थांबले. मग बटणने मान वळवून मागे पाहिलं, खूण कुणासाठी आहे ते.

मागे भिंत होती.